सुमन लॉनचा ट्रॅक्टर

माझा बाप गवत विकत होता भाऊ, आधी हे ऐकून घ्या, मंग ट्रॅक्टरचं सांगतो. वावर आमचं नव्हतं. लोकाइच्या धुऱ्यावरचं, म्हंजे बांधावरचं, गवत विळ्यानं कापाचं, पेंढ्या बांधाच्या आन् डोक्यावर घेऊन महागावच्या बाजारात बैलवाल्याइले विकाच्या, असा त्याचा धंदा. मी लहान होतो तवा त्याच्या मांगं मांगं जाचो. तो म्हणे, सदा, गवत कोनी पेरत नाई, म्हनून तर ते आपल्या वाट्याले येते. आन् त्याच्याच पोरानं, म्हंजे मी, फाट्याजवळ एक एकर जागा घेऊन तिच्यात गवत लावलं, पानी देल्लं, खत देल्लं, आन् ते कापून फेकाले मशीन आनली. बाप असता तर मले त्यानं विळ्याच्या मुठीनं हानलं असतं, काय सांगू तुमाले.

मी एसटीत ड्रायव्हर होतो. सदा ड्रायव्हर म्हना, या रोडवर आजही कोनी बी सांगन. उमरखेड, महागाव, पुसद, दिग्रस, सारी जिंदगी यातच गेली. मुक्कामी गाडी घेऊन जाचो, कोनत्याही गावात झोपाचो, सकाळी कंडक्टरनं डबल घंटी मारली का निघालो. एका जागी बसनं मले माहीतच नव्हतं. लग्न झालं तवा सुमन माझ्याच गाडीत बसून माहेरून आली, ड्रायव्हरच्या मांगच्या सीटवर, आन् पुढं जवा जवा माहेरी गेली तवा त्याच सीटवर बसली. तिचं तिकीट मी काढत होतो, फुकट नेलं असं कोनी म्हनाले नको. बायको मोठी खट्याळ. गाडी रिकामी असली का मांगून म्हणे, अवो, एकडाव मले स्टेरिंगवर बसू द्या ना, मी काय गाडी पळवून नेनार काय. मी तिले दटावाचो, म्हनाचो गप बस, सरकारी गाडी हाये, तुह्या बापाची नाई. ती हासाची. पुढच्या खेपेले पुन्हा तेच म्हनाची. एवढ्या वर्षात मी तिले स्टेरिंगले हात लावू देल्ला नाई.

रिटायर झालो तवा पोरगा म्हणे, प्रशांत, तो पुण्याले असते कंपनीत, बाबा, घरी बसून तुमी आईचं डोकं खासान, त्यापेक्षा फाट्यावरच्या जागेत लॉन करा. आता लॉन म्हंजे तुमाले माहीत हाये, आपल्या इकडे लग्न लॉनवरच लागते, हिरवं गवत, एका बाजूले स्टेज, मोठं गेट, झालं. गेटवर नाव काय टाकाचं तर प्रशांत म्हणे सुमन लॉन. ती भल्ली लाजली, म्हणे माह्यं नाव गेटवर कायले, मी काय मेली काय. पन नाव लागलं आन् तिनं लग्नाच्या मांडवात असं काम केलं का पाहू नका. कोनाची नवरी असो, ही सजवाले पुढं. कोनाची माय रडून राह्यली तर ही तिच्याजवळ. मले वाटे हिचंच लग्न चालू हाये रोज. लॉनच्या कोपऱ्यात दोन खोल्या बांधल्या, तठीच आम्ही राहाले आलो.

मंग तिले लकवा झाला. सकाळी चहा गाळता गाळता खाली बसली ते बसलीच. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, बोलनं गेलं. यवतमाळले नेलं, नागपूरले नेलं, जे कराचं ते सारं केलं. घरी आनली तवा डॉक्टर म्हणे आता सेवा करा. सेवा करा म्हनाले काय जाते? तिचं हागनं मुतनं, आंघोळ, घास भरवनं, कूस बदलनं, सारं मी शिकलो. बोलता येत नाई म्हनून मी तिच्या उशाशी स्टीलचा पेला ठेवला आन् डाव्या हाताले चमचा देल्ला. म्हनलं, एसटीसारखं करू आपन. एक घंटी म्हंजे थांबा, माझ्याकडे या. डबल घंटी म्हंजे काही नाई, जाऊ द्या पुढं. ड्रायव्हरची बायको, लगेच समजली.

पन डबल घंटी कवाच वाजत नव्हती भाऊ. एकच, एकच, एकच. पानी पाह्यजे, एक. माशी बसली, एक. मी दिसलो नाई, एक. मी फाट्यावर चहा प्याले निघालो का गेटपर्यंत पोचत नाई तर टन. डेपोतले सोबती बोलावत, या ना सदा ड्रायव्हर, मी म्हनाचो येतो येतो, आन् जाचो नाई. उमरखेडले माझा मावसभाऊ मेला, त्याच्या मातीलेही गेलो नाई. समोरून माझ्याच रूटच्या गाड्या जाऊन राह्यल्या, हॉर्न मारून राह्यल्या, आन् मी गेटाच्या आत. समोर लोकाइची लग्नं लागून राह्यली, बँड वाजून राह्यला, आन् ही खिडकीचा पडदा लावून घेऊन पडलेली, का वाकडं तोंड कोनी पाहू नये. बाहेर काढतो म्हनलं का डोळे मिटून घे. ती खोलीत कोंडलेली आन् मी तिच्यात. मले खरंच श्वास पुरत नव्हता, रडू येत नव्हतं, निसता राग येत होता. कोनावर ते कळत नव्हतं.

लॉनचं गवत पन वाढून गुडघ्याले आलं. मानूस लावला तर तो दोन दिस ये आन् चार दिस दांडी मारे. मंग प्रशांतनं फोनवर दाखवला तो ट्रॅक्टर, गवत कापाचा, लहानसा, चार चाकं, गोल स्टेरिंग, पोटाखाली पातं. मी म्हनलं घेऊन टाक. त्याले वाटलं बाबाले लॉनची काळजी. मले लॉनची काळजी नव्हती भाऊ, मी ते स्टेरिंग पाह्यलं होतं.

मशीन आली त्या दिवशी अर्धं गाव गेटात. नागपूरहून एक मानूस दाखवाले आलता. त्यानं सारं समजावून सांगतलं, हा गिअर, हा ब्रेक, हे पातं खाली कराचं, या दांड्यावर सश्याचं चित्र म्हंजे जोरात आन् कासवाचं म्हंजे हळू. आन् काका, हे ध्यानात ठेवा म्हणे, सीटच्या खाली बटन हाये. ब्रेक दाबलेला नसला आन् मानूस सीटवरून उठला का मशीन आपोआप बंद पडते, म्हंजे कोनाचा पाय पात्यात जानार नाई. मी म्हनलं वा, हे तर आमच्या घरासारखंच झालं, जागचं उठाचं नाई. सारे हासले. एक जन म्हणे, सदाभाऊ, या ट्रॅक्टरनं पुसदले कवा निघता? मी म्हनलं तू डबल घंटी मार, आत्ता निघतो.

आन् खरं सांगतो, मी त्याच्यावर बसलो, चाबी फिरवली, आन् त्या आवाजात पेला ऐकूच येईना. गेटापासून स्टेजपर्यंत, स्टेजपासून गेटापर्यंत, वळन घेतलं का मले वाटे आता घाट आला, आता नदीचा पूल आला. तासभर का होईना, मी बाहेर होतो. एवढा आनंद झाला का मले माह्यीच भीती वाटली. मंग काय, आज कापलं, उद्या पुन्हा कापलं. गवत राह्यलंच नाई तरी मशीन चालू. लोक रस्त्यावरून पाहत, म्हनत सदा ड्रायव्हर काय कापून राह्यला? रोज रोज पातं फिरल्यानं गवत मुळापर्यंत गेलं, ऊन लागलं, आन् सारं लॉन पिवळं पडलं. एक नवरीचा बाप जागा पाह्याले आलता, तो म्हणे काका, हे लॉन हाये का खळं? आन् दुसऱ्या लॉनवर गेला. मले दुःख झालं नाई. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा मशीनवर बसलो.

एक दिवस प्रशांत न सांगता आला. मी मशीनवर, पाठ घराकडे. तो सरळ खोलीत गेला तर सुमन ओल्या गादीत, आन् चमचा मारून मारून राह्यली पेल्यावर. कवाची मारून राह्यली होती कोनाले माहीत. त्यानं तिचे कपडे बदलले, मंग बाहेर येऊन माझ्यासमोर उभा राह्यला. मी मशीन बंद केली. मले वाटलं आता शिव्या देते. पोरगं रडाले लागलं. म्हणे बाबा, तुमी थकले. तुमचं काही चुकलं नाई, तुमी थकले. नागपूरले एक केंद्र हाये, अशा मानसाइले ठेवते, नर्स असते, आईले तठी ठेवू आन् तुमी पुण्याले चला. मी एका शब्दानं नाई म्हनलं नाई. हो म्हनलं. म्हनलं आन् छातीवरचं ओझं उतरलं, खोटं कायले बोलू. रविवारी गाडी घेऊन येतो म्हणे.

सुमनले मीच सांगतलं. ती माझ्याकडे पाहत राह्यली आन् तिनं चमचा उचलला. मले वाटलं एक मारते. तिनं दोन मारल्या. टन टन. काही नाई, जाऊ द्या पुढं. ते ऐकून मी मोरीत जाऊन बसलो.

शनिवारी संध्याकाळी मी मशीन धुतली, आता तीही विकाची होती, गिऱ्हाईक पाह्याले येनार होतं. लॉनवर कोनी नव्हतं म्हनून सुमनले उचलून बाहेर खुर्चीवर बसवली, तिनं त्या दिवशी डोळे मिटले नाई. पाहत होती, पाहत होती, आन् डावा हात उचलून स्टेरिंगकडे दाखवला. पहिले माझ्या तोंडून तेच निघालं, गप बस. मंग मलेच कसंतरी झालं. म्हनलं ये, बस बाई, आता ही तुह्याच बापाची गाडी. पातं बंद ठेवलं, तिले उचलून सीटवर बसवली, ओढनीनं सीटच्या पाठीशी बांधली, डावा हात स्टेरिंगवर देल्ला. मी बाजूनं पायानं ब्रेक दाबून धरला, चाबी फिरवली, मशीन चालू झाली. तिचं तोंड तुमी पाह्याले पाह्यजे होतं. कासवावर टाकलं, गिअर टाकला, ब्रेक सोडला. मशीन बंद.

पुन्हा चालू केली. ब्रेक सोडला का बंद. मी म्हनलं बॅटरी गेली. तिले खुर्चीवर ठेवलं, मी बसून पाह्यलं, मस्त चालली. तिले बसवलं, बंद. तवा माह्या ध्यानात आलं भाऊ. सीटखालचं बटन. तिच्या वजनानं ते दबतच नव्हतं. अंगानं भरलेली बाई होती माही सुमन, डोक्यावर पान्याची घागर घेऊन चालली का पायाखालची माती दबे. मी तिले रोज उचलत होतो, रोज उचलनाऱ्याले वजन उतरलेलं कळत नाई. मशीनले वाटलं सीटवर कोनीच नाई. कोनीच नाई! मी तठीच चाकाजवळ बसून ढसाढसा रडलो. इतके दिवस जे आलं नव्हतं ते सारं आलं. तीही समजली. तिनं डाव्या हातानं माह्या टोपीवर दोनदा थापटलं.

मंग मी उठलो. तिच्या बाजूले सीटवर हात ठेवला आन् जोर देऊन दाबला. चाबी फिरवली, ब्रेक सोडला, मशीन चालली. ती कासवाच्या चालीनं पुढं, आन् मी हात दाबून बाजूनं चालून राह्यलो, गेटापासून स्टेजपर्यंत. वळन तिनं स्वतः घेतलं, जरा वाकडं घेतलं, पन घेतलं. हासून राह्यली होती, अर्ध्या तोंडानं.

प्रशांतले फोन केला, म्हनलं येऊ नको. तो म्हणे बाबा, नीट विचार करा. मी म्हनलं मशीनही विकत नाई. त्याले समजलं नाई, तुमाले समजलं असन.

आता गवत आठवड्यातून एकदा कापतो, हिरवं झालं हाये पाहा, या मोसमात दोन लग्नंही लागली. पन फेरी रोज संध्याकाळी असते. तुमी म्हनसान सारं चांगलं झालं. तसं नाई भाऊ. पेला अजूनही वाजते, एकच वाजते, मी अजूनही गेटाच्या आतच हाये आन् राह्यनार हाये. कंबर दुखते, हात भरून येते. समोरून पुसदची गाडी हॉर्न मारत जाते तवा वाटते, हात काढावा आन् पळत जाऊन लटकावं तिले. वाटते, रोज वाटते.

चला, तुमची गाडी यायची वेळ झाली, फाट्यापर्यंत सोडाले येत नाई, राग मानू नका. ड्रायव्हरले सदा ड्रायव्हरचा जयभीम सांगा. हिंडत राहा, सुखी राहा. सुमनले कवाची बाहेर बसवून ठेवली हाये, तिले फेरी पाह्यजे. तिनं स्टेरिंगवर बांगडी दोनदा वाजवली का मी ब्रेक सोडतो, आन् मंग हात काढता येत नाई. हात काढला का मशीन बंद पडते.