अडकत अडकत आलेलं गाव

मधुसूदन : हे गोल फिरतंय, याचा अर्थ संगणक विचार करतोय.

कालिंदी : सकाळपासून? एवढा विचार तर तुम्ही लग्नाआधीसुद्धा केला नव्हता.

मधुसूदन : तेव्हा वेग चांगला होता. द्वारकाबाई, खुर्ची पुढं घ्या. गुडघा सांभाळून.

द्वारकाबाई : गुडघ्याचं सोडा भाऊ. त्ये चाक थांबलं की गाव दिसंल ना?

मधुसूदन : दिसेल की. तुमच्या भाच्यानं, शिवमनं, व्हिडिओ टाकलाय. तो आहे तिथं व्यवस्थित आहे. आपल्यापर्यंत पोचायचीच काय ती खोटी.

कालिंदी : मला नीट सांगा द्वारकाबाई. गाव आत्ता दिसतंय म्हणजे काय? एरवी दिसत नाही?

द्वारकाबाई : कसं दिसंल वैनी? मी परकर नेसत व्हते तवा धरण झालं. नव्या गावात नेऊन बसवलं आमाला, अन् जुनं गाव गेलं नाथसागराच्या पोटात. औंदा धरणात चूळ भरायला पाणी नाय राह्यलं, तवा वर निघालंय. शिवम गाडीवर जाऊन आला. म्हणला, आत्या, भित्ताडं हायेत, वट्टे हायेत, सगळं हाय.

कालिंदी : अगं बाई. मग तुम्हीच का नाही जाऊन येत?

द्वारकाबाई : डाक्टरनं नवी वाटी बसवली. म्हणला, सपाट फरशीवर चाला. तिथं कोसभर गाळ. मालकाला म्हणलं, तुमच्या टँकरात बसवून न्या, तर म्हणतेत, काय हाय तिथं, दगडं. अन् आता नाशकाकडं पाऊस लागलाय. वरून पाणी सोडलं की ह्याच आठवड्यात पुन्ना बुडतंय. मग माझ्या जल्मात काय ते वर येत नाय.

मधुसूदन : रामकिसनरावांना दोन तास सवड होत नाही म्हणजे कमाल आहे.

द्वारकाबाई : कुठली सवड. चिकलठाण्याला नवा टावर झालाय, तिथं रोज टँकर लागतेत. 'लेक व्ह्यू' नाव हाय म्हणं त्याचं.

कालिंदी : तळं दिसतं का तिथून?

द्वारकाबाई : टँकर दिसतेत.

मधुसूदन : थांबा, थांबा, सुरू झालं. बघा, आभाळ आलं.

द्वारकाबाई : व्हय, आभाळ. आमचंच हाय का?

मधुसूदन : तुमचंच असणार. आता खाली... अडकलं.

कालिंदी : हिमांशूला लावा फोन.

मधुसूदन : दोनदा लावला. तुझा मुलगा पुण्याहून सांगतो, बाबा, बंद करून चालू करा. त्यासाठी आपण त्याला इंजिनीअर केलं. केलं बंद, केलं चालू. मग म्हणाला, वर उघडून ठेवलेली पानं मिटा.

कालिंदी : मिटली?

मधुसूदन : मिटली बहुतेक. राशिभविष्य ठेवलंय, कारल्याच्या रसाचं ठेवलंय. लागतात.

कालिंदी : मिटा ती. तुम्ही कारलं वाचता आणि गुलाबजाम खाता. सरका, मी मिटते.

मधुसूदन : अजून फिरतंयच. बरं, त्यानं शेवटचा उपाय सांगितला होता, चित्राचा दर्जा कमी करा. सगळ्यात खालचा लावतो. हे बघा, पळायला लागलं! द्वारकाबाई, बघा, तुमचं गाव.

द्वारकाबाई : कुठंय?

मधुसूदन : हे काय समोर.

द्वारकाबाई : भाऊ, हे तर पिठलं हाय.

कालिंदी : खरंच हो. ती गाठ कसली? घर की म्हैस?

मधुसूदन : दर्जा कमी केला की एवढं चालायचंच.

द्वारकाबाई : नाय भाऊ. मला दगूड न् दगूड बघायचाय. साफ करा.

मधुसूदन : साफ केलं की अडकतं. पळवलं की पिठलं होतं. दोन्हीपैकी एक निवडा, असं यंत्राचं म्हणणं आहे.

कालिंदी : तुम्ही मोठ्या दर्जावर ठेवा आणि थांबवा जरा. ती खालची करडी पट्टी बघा, हळूहळू पुढं सरकतेय. लाल पट्टी तिला गाठते, की अडकतं. म्हणजे टाकी भरायच्या आधी तोटी सोडल्यासारखं आहे ते. भरू द्या.

मधुसूदन : हे तुला कोणी सांगितलं?

कालिंदी : चार दिवसांनी नळ येणाऱ्या शहरात हे सांगायला माणूस लागत नाही. चहा ठेवते. भरू द्या तोवर.

द्वारकाबाई : चहा र्‍हाऊ द्या वैनी. बसा इथं. मला एकटीला भ्या वाटतंय.

कालिंदी : भीती कसली?

द्वारकाबाई : नसलं तर.

कालिंदी : काय नसलं तर?

द्वारकाबाई : उखळ.

मधुसूदन : उखळ?

द्वारकाबाई : आमच्या वसरीत, फरशीतच कोरलेलं व्हतं. गाव उठलं तवा बापानं दारं काढली, तुळया काढल्या, पत्रं काढली. गाड्या भरल्या. उखळ कसं काढणार? ते भुईलाच धरून. मंग मायनं काय केलं, त्यात मूठभर जोंधळं टाकलं. उखळ रितं सोडू नाय म्हणून. अन् वरून जात्याची जुनी तळी झाकली.

कालिंदी : झाकलं? धरणाचं पाणी येणार होतं ना?

द्वारकाबाई : व्हय की. बाप म्हणला, अगं, पाणी पुरुषभर येणाराय. माय म्हणली, घाण जाईल आत. तळीला मधी भोक असतंय ना, त्यात चिंधीचा बोळा कोंबला. मंग गाडीत बसली.

मधुसूदन : समुद्रासारखं धरण येणार, आणि बोळा.

कालिंदी : तुम्ही गप्प बसा.

मधुसूदन : अगं, मी थट्टा नाही करत. मी चाट पडलोय.

द्वारकाबाई : नव्या गावात मायनं दुसरं उखळ नाय घेतलं. शेजारणीकडं जाऊन कांडायची. म्हणायची, आपलं हाय तिकडं, झाकून ठिवलेलं. मरायच्या आदल्या साली सुद्दिक म्हणली. सगळे हसायचे. मालक तर अजून हसतेत.

कालिंदी : भरली का हो टाकी?

मधुसूदन : नाही ना. नखभर सरकलीय. हिमांशूनं अजून एक सांगितलं होतं, वाय-फायवर कोण कोण बसलंय ते बघा. बघतो. अरे देवा.

कालिंदी : काय?

मधुसूदन : दोन पानं भरून नावं आहेत. 'संस्कृतीचा फोन'. 'आईचा फोन नवीन'. 'किंग ऑफ मुकुंदवाडी'. हा कोण?

कालिंदी : कोपऱ्यावरच्या कारभारी इस्त्रीवाल्याचा थोरला. पासवर्ड तुम्हीच वाटलात. मागच्या दिवाळीला, चिवड्याबरोबर.

मधुसूदन : शेजारधर्म म्हणून.

कालिंदी : पाण्याच्या पाइपाला कुणी मोटर लावली की महापालिकेपर्यंत जाता. आणि इथं अख्खी गल्ली तुमच्या पाइपाला मोटर लावून बसलीय, तर तुम्ही शेजारधर्म म्हणता.

मधुसूदन : पासवर्ड बदलतो.

कालिंदी : येतो का बदलता?

मधुसूदन : नाही.

कालिंदी : मग नळाच्या वेळी करतो तेच करू. सज्जातून ओरडते. ए संस्कृती, वाय-फाय बंद कर गं जरा. द्वारकाबाईंचं गाव धरणातून वर आलंय, ते बघायचंय आम्हाला. हो, खरं गाव. वरच्या पोरांना सांग. इस्त्रीवाल्याच्या राजाला पण सांग.

मधुसूदन : उपयोग नाही. मोटर बंद करा म्हटलं तर हीच गल्ली कोर्टात खेचायची भाषा करते.

कालिंदी : बघा तर खरं.

मधुसूदन : ...गेली. 'आईचा फोन' गेला. वरची पोरं गेली. सगळी गळतायत पटापटा. कालिंदी, राजानं पण गादी सोडली.

कालिंदी : आणि पट्टी?

मधुसूदन : करडी पट्टी सुसाट. टोकाला पोचली. द्वारकाबाई, तयार? लावतो.

द्वारकाबाई : लावा. माय गं. पांढरी जिमीन... ह्यो आमचा रस्ता. भाऊ, हळू. ही दगडी पायरी कुणाची... अवो, हळू घ्या की.

मधुसूदन : माझ्या हातात नाही. शिवम गाडीवर बसून काढतोय आणि गाडी पळवतोय.

द्वारकाबाई : आडाचं कडं... कासाराचा वट्टा... गेलं. गेलं, वसरी गेली. झालं?

मधुसूदन : झालं. संपलं. आता तो स्वतःचं तोंड दाखवतोय.

कालिंदी : यांची आळी किती वेळ दिसली हो?

मधुसूदन : डोळ्याची पापणी लवते तेवढा. परत लावतो, आणि बरोबर तिथं थांबवतो.

कालिंदी : थांबवा. आता. आत्ता.

मधुसूदन : थांबवलं.

कालिंदी : हे शिवमचं तोंड आहे.

मधुसूदन : पुन्हा.

कालिंदी : हा आड.

मधुसूदन : हात वठणीवर यायला वेळ लागतो. बँकेच्या नोकरीत कधी कुणी मला घाई केली नाही.

द्वारकाबाई : भाऊ, एक सांगू का?

मधुसूदन : सांगा.

द्वारकाबाई : मघाशी अडकत व्हतं ना? तसं अडकवा.

मधुसूदन : म्हणजे?

द्वारकाबाई : तवा आभाळ कसं थांबलं व्हतं. तसं सगळं गाव थांबत थांबत येऊ द्या. चालल्यावानी. मला तिथं चालायचंय.

मधुसूदन : द्वारकाबाई, हे बिघडलेलं यंत्र दुरुस्त करायला माझी अख्खी सकाळ गेली.

कालिंदी : मग बिघडवायला वेळ लागणार नाही. तो तर तुमचा हातखंडा. सरका. ए संस्कृती, चालू करा गं परत. सगळ्यांनी. हो, मोठमोठं काहीतरी लावा, क्रिकेट लावा. राजा कुठंय? त्याला सांग, आज गल्लीला त्याची गरज आहे.

मधुसूदन : आयुष्यात पहिल्यांदा मी लोकांना मोटर लावा म्हणून सांगतोय.

कालिंदी : पान नव्यानं उघडा. दर्जा मोठाच ठेवा, पिठलं नको. लावा.

(पंखा फिरतो आहे. खालून कुणाच्या तरी मोबाइलवर क्रिकेटची गर्दी ओरडते आहे.)

मधुसूदन : अडकलं.

द्वारकाबाई : र्‍हाऊ द्या. हात नका लावू. हे बघा वैनी, गाळ कसा तडकलाय, भाकरीच्या पापुद्र्यावानी. अन् हे पांढरं पांढरं, शिंपले. आमच्या गल्लीत शिंपले.

कालिंदी : सरकलं बघा जरा.

द्वारकाबाई : आड. हितं मी पडले व्हते, शेजारच्या आवडाबाईनं काढलं. पुन्ना थांबलं. लई गुणाचं हाय हे चाक.

मधुसूदन : आपण मुकुंदवाडीत तिसऱ्या मजल्यावर बसलोय आणि धरणाच्या तळावर चालतोय. आणि मी याला दोष म्हणत होतो.

द्वारकाबाई : कासाराचा वट्टा. बांगड्या भरायला हितं बसायचो. आता उजवीकडं वळंल. वळू दे. वळ रं शिवम.

कालिंदी : वळला.

द्वारकाबाई : थांब. हितं थांब रं बाबा.

मधुसूदन : थांबलं. द्वारकाबाई, ते स्वतःहून थांबलं. मी काही केलं नाही.

कालिंदी : ती वसरी का तुमची? फरशी दिसतेय. काठाला गाळ आहे नुसता.

द्वारकाबाई : (खुर्ची पुढं ओढते.) व्हय, आमचीच.

कालिंदी : द्वारकाबाई? पाणी देऊ?

द्वारकाबाई : कोपऱ्यात बघा. त्या दोन भित्ताडांच्या मधी.

मधुसूदन : गोल काहीतरी आहे.

कालिंदी : तळी. जात्याची तळी आहे हो. मधोमध भोक आहे, आणि एका कडेला टवका उडालेला.

द्वारकाबाई : तो टवका माझा हाय. लहानपणी पाडलेला. मार खाल्ला व्हता.

मधुसूदन : चाळीस वर्षं वरून धरण वाहिलं. लाटा, पूर, मासे, होड्या. आणि ती तसूभर हलली नाही.

कालिंदी : त्यांच्या आईनं ठेवलेली आहे ती.

मधुसूदन : मी आत्ता शिवमला फोन लावतो. आजच्या आज परत जा म्हणावं. तळी उचल, आत काय आहे बघ, आणि नीट, गाडीवरून उतरून, व्हिडिओ काढ. जोंधळे असतील का हो अजून?

द्वारकाबाई : नका लावू.

मधुसूदन : अहो, पण आठवड्यात पाणी येईल. मग कायमचं राहून जाईल.

द्वारकाबाई : माय म्हणली व्हती, परत आल्याव उघडू. तिच्याबगर कसं उघडायचं?

कालिंदी : ठेवा तो फोन खाली.

मधुसूदन : ठेवला.

कालिंदी : रामकिसनरावांना दाखवायचं का? मघाशीच गल्लीत आलाय त्यांचा टँकर.

द्वारकाबाई : दाखवू की. म्हणावं, दगडंच हायेत, पर या बघायला. भाऊ, ते चाक अजून फिरतंय ना?

मधुसूदन : फिरतंय. पण कुठल्याही क्षणी पुढं जाईल. क्रिकेट संपलं तर.

द्वारकाबाई : जाऊ द्या पुढं. बघितलं मी. येऊ द्या आता पाणी. झाकलेलं हाय.