दुकान पाडा म्हणणारी मुलगी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय संचालक महोदय, प्रमुख पाहुणे नगर अभियंता साहेब, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत त्या आमच्या विभागप्रमुख मॅडम, गुरुजनवर्ग, पालक आणि नेहमीप्रमाणे मागच्या रांगा अडवून बसलेले माझे वर्गमित्र,

विद्यार्थ्यांच्या वतीने चार शब्द बोलण्याचा मान मला मिळाला. पण चार शब्दांत मॅडम मावतील का? त्या कधी तासातसुद्धा मावल्या नाहीत.

शहर सगळ्यांना न्याय देणारं आणि झाडापाण्याला जपणारं कसं घडवायचं, हा आमचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. माझ्या काकांना तो अजून उमगलेला नाही. ते पाहुण्यांना सांगतात, "पोरगी घरं बांधायला शिकतेय." आम्ही एक वीटही रचली नाही, हे त्यांना कोण सांगणार?

मॅडमची एक रीत होती. अंतिम परीक्षेत प्रत्येकाने आपल्याला न पटणारी बाजू मांडायची, तीही तिथल्या रहिवाशांसमोर. आमच्या वर्षी विषय निघाला तो नेमका आमच्याच गल्लीच्या रुंदीकरणाचा! त्यात कडेची झाडं जाणार होती आणि माझ्या आईचं शिवणकामाचं दुकानही. त्या दुकानावर आमचं घर चालतं. मी मॅडमच्या खोलीत जाऊन चक्क रडले. त्यांनी माझ्यापुढे चहा सरकवला आणि म्हणाल्या, "रुंदीकरणाच्या बाजूने तू बोलशील. आईला बोलावलंय मी."

आता सांगा, अशा बाईंना काय म्हणावं?

मग मी अभियंता साहेबांच्या कार्यालयात खेटे घातले. साहेब, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते, तुमच्याकडे येताना तुमचा भयंकर राग यायचा. पण तुम्ही नकाशावर बोट ठेवून विचारलंत, "गल्लीच्या टोकाला पाळणाघर आहे. आग लागली तर बंब तिथे कसा पोचवू?" त्या पाळणाघरातली लेकरं मला नावानिशी ठाऊक होती.

परीक्षेत मी आईकडे न बघता जीव तोडून बोलले. शेवटी आई उठलीच. "हिला मी याचसाठी शिकवलं का हो?" सगळे खो खो हसले. त्यानंतर आठवडाभर आई माझ्याशी फक्त भांडी आपटून बोलत होती.

दुकानांची बाजू आली होती आमच्या वर्गातल्या भोंग्याकडे. आवाजावरून नाव पडलंय, पण त्याचे वडील खरोखरच बंब चालवतात. घरी जेवताना बंब अडल्याच्या गोष्टी ऐकत वाढलेला हा पोरगा! त्याचीही माझ्यासारखीच पंचाईत. तो शेवटी वैतागून म्हणाला, "वाद कशाला? बाबांना बंब घेऊन बोलावू."

मॅडमनी परवानगी काढली, साहेबही आले. बंब गल्लीत शिरला आणि अडला. कुठे? झाडांशी नाही, दुकानांशीही नाही. प्रत्येकाने रस्त्यावर पुढे काढलेल्या पायऱ्या आणि दारातल्या स्कूटरी, तिथे! स्कूटरी पोरांनी हलवल्या. पायऱ्या मात्र तोडाव्या लागणार होत्या, आणि सगळे एकमेकांची तोंडं बघत उभे राहिले. तेव्हा आईने शेजारच्या गवंड्याला हाक मारली आणि स्वतःच्या पायरीवर पहिला घाव घालायला लावला. मला त्या क्षणी तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण ती अजून रागावलेली होती.

तिच्या मागोमाग बाकीच्यांनीही पायऱ्या काढल्या, आणि पुढच्या महिन्यात बंब थेट पाळणाघरापर्यंत गेला. साहेबांनी रुंदीकरणाचा प्रस्ताव मागे घेतला. झाडं आहेत, दुकान आहे, आणि आज आई पहिल्या रांगेत बसली आहे.

मॅडम, येत्या सोमवारी मी साहेबांच्याच कार्यालयात रुजू होते आहे. उद्या माझ्या नकाशावरच्या एखाद्या रेघेखाली कुणाचं तरी दुकान येईल, आणि त्या घरची मुलगी तिथे नसेल. मला त्याची भीती वाटते. तुम्ही आता मोकळ्या आहात. तेव्हा येत जा, समोरच्या खुर्चीत बसत जा, आणि माझ्याविरुद्ध बोलत जा. चहा मी सरकवीन.

संयोजकांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर लेक समजून पोटात घाला.