मधल्या रेषेवर अटकलेली

...अन् वरून मलेच म्हनते, तुमचं नेट स्लो असन. आता तुम्हीच सांगा, ज्या मानसाले वरठी कुठं आहे हे मालूम नाही, भंडारा रोड स्टेशन भंडाऱ्यात नसून वरठीले आहे हे मालूम नाही, तो गेमच्या कंपनीचा साहेब कोन्या देशात बसून माह्या घरचं नेट कसं आहे ते मले सांगते. बरं, मी विचारलं काय होतं? मी विचारलं, का बा, तुमच्या कबड्डीच्या गेममधली माही पोरगी मधली रेषा ओलांडली की दगडासारखी उभी काहून राहते? साधा सवाल. जवाब काय, तं तुमचं नेट स्लो असन.

तुम्हाले पहिलेपासून सांगते, नाही तं तुम्हीबी म्हनसान, शाळेच्या ऑफिसात नोकरी करणारी, घरी सासू-नवरा असलेली बाई गेमच्या मागं कायले लागली. आमच्या घरच्यायनं, म्हनजे नवऱ्यानं, अंकुशनं, टीव्हीले जोडाचा तो कन्सोल आनला क्रिकेट खेळाले. आनला अन् कंटाळले. मंग मी पाहिलं, एक कंपनी कबड्डीचा गेम बनवून राहिली अन् त्याचा बीटा खेळाले मानसं पाहिजे म्हनते. बीटा म्हनजे काय, तं कच्चा गेम. आम्ही अजून बनवूनच राहिलो, तुम्ही खेळा अन् कुठं बिघडते ते सांगा. आपन कधी अर्धा शिजलेला भात पाव्हण्याले वाढून म्हनतो का, की खा, अन् कोनता दाना कच्चा लागला ते कळवा? पन कबड्डीचं नाव वाचलं अन् माहा जीव राहिला नाही. शाळेत मी रेडर होती, समोरच्या टीममध्ये घुसून बाद करून परत येणारी. मी अन् रीना. विभागाच्या निवडीले दोघी एकाच बसनं गेलो. रीनाले घेतलं, मले नाही. त्या दिवसापासून मैदानात मी पाय ठेवला नाही, खरं सांगते.

ही रीना आता नागपूरले राहते. शाळेच्या ग्रुपवर तिनं टाकलं, 'कबड्डीच्या नव्या गेमसाठी माझी निवड झाली.' निवड म्हने... नाव टाकलं की सगळ्यायचीच होते ती निवड. मी खाली लिहिलं, माहीबी झाली. मंग काय, ग्रुपवरच्या साऱ्या बाया चेकाळल्या, होऊन जाऊ द्या सामना. झाला सामना. माही खेळाडू रेषा ओलांडून आत गेली अन् थांबली. एक पाय वर, हात समोर, तोंड उघडं. रीनाच्या साती पोरी तिच्या भोवती आरामात जमल्या, जसा काही लग्नातला फोटो काढाचा आहे, अन् टीव्हीवरचं चित्र हललं तेव्हा माही खाली अन् त्या साती वर. दर वेळी तसंच. आमच्या सासूबाई, वच्छलाबाई, बाजूले बसून पाहून राहिल्या होत्या. त्या म्हने, "भावना, हे पोरगी अशी काहून उभी हाय? पोट दुखते का तिचं?" अन् इकडं हेडफोनात रीना हासते अन् म्हनते, "काय वं भावना, नेट स्लो असन तुयं." म्हनजे बाई नागपूरले गेली तं नेटबी लगेच शहरी झालं तिचं.

मी ठरवलं, बीटा बंद व्हाच्या आत हिच्यासोबत एक सामना न अटकता खेळाचा. जिंकली तं जिंकली, हरली तं हरली, पन उभी राहून नाही.

पहिले त्या कंपनीले लिहिलं. तिकडून कोनी साहेब गोड-गोड लिहिते, 'प्रिय खेळाडू, तुमच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कृपया राउटर बंद करून चालू करा.' केलं. 'कृपया कन्सोल बंद करून चालू करा.' केलं. 'कृपया टीव्ही बंद करून चालू करा.' म्हटलं, साहेब, मीबी बंद होऊन चालू होऊ का? मंग म्हनते, गेम काढून परत टाका. परत टाकाले गेली तं अर्ध्यात विजेची लाईन गेली, लाईन आली तं पुन्हा पहिलेपासून... सारा दिवस गेला, अन् गेम लागला तेव्हा माही पोरगी त्याच रेषेवर, त्याच पायावर. पुन्हा लिहिलं. साहेब म्हनते, तुमचं नेट स्लो असू शकते. असू शकते म्हने. शिकलेला मानूस दिसते, म्हनून 'शकते' लावलं.

मंग आमच्या ह्यायनं हात लावला. हे कारखान्यात भट्टीवर कामाले आहेत, त्यायले घरातली हरेक वस्तू तापलेलीच दिसते. फ्रीज बंद पडला तं तापला, मोबाईल बंद पडला तं तापला, मी बोलली नाही तं मीबी तापली. म्हने, "अवं, याले हवा पाहिजे." अन् कन्सोल उचलून सरळ कूलरच्या तोंडासमोर ठेवला. आपल्या इकडचा कूलर तुम्हाले मालूमच आहे, हवा कमी अन् शिंतोडे जास्त. मी म्हटलं, पानी जाईल. म्हने, "काही होत नाही, आमच्या कारखान्यातल्या मोटारींवर आम्ही काय-काय करतो." झालं, कन्सोलमध्ये पानी. सासूबाईनं तो पुसला, उन्हात सुपात पापडासारखा ठेवला अन् स्वतः कावळे हाकलत बसल्या. नशीब, चालू झाला. पोरगी तिथंच. तं हे मले म्हनते, "तापला नाही तं मंग नेट स्लो असन."

बोलावलं नेटवाल्या राजकुमारले. गावभर खांबांवरून ज्याची वायर गेली तो हा. आला, चप्पल काढली, चहा घेतला, मोबाईल काढून स्पीड दाखवला. "पाहा वहिनी, काटा कुठवर गेला. नेट एकदम फर्स्टक्लास. तुमचा टीव्हीच खराब असन." घ्या. साऱ्या दुनियेत नेट स्लो नाही म्हननारा एकच मानूस भेटला, अन् तो नेट विकनारा. पन मी सोडलं नाही. मी म्हटलं, भाऊ, हवेतलं नेट नको, राउटरच्या डब्ब्यातून कन्सोलपर्यंत सरळ वायर टाकून दे. कुरकुर करत टाकली, दारापासून स्वयंपाकघराच्या वरून टीव्हीपर्यंत, मधात ढिली सोडून. दुसऱ्या दिवशी मी खेळाले बसली, पोरगी पहिल्यांदा रेषेच्या पार पळाली, एकीले हात लावला, माहा श्वास वर... अन् सारं काळं. मागं वळून पाहते तं सासूबाई वायरवर वल्ला टॉवेल टाकून राहिल्या, अन् वायर निसटलेली. म्हने, "दोरी मजबूत नाही ही." आता काय बोलनार त्यायले? म्हटलं, आई, ही नेटची वायर आहे. म्हने, "एवढी बारीक? म्हनूनच स्लो असन."

पन त्या दिवशी एक गोष्ट माह्या ध्यानात आली. बटन दाबलं की पोरगी जराशा वेळानं हालते, जसा काही विचार करून राहिली. नेटशिवाय एकटी खेळून पाहिलं, तरी तसंच. मंग बसली टीव्हीच्या सेटिंगात. तं टीव्ही सिनेमाच्या सेटिंगवर होता. चित्र आलं की तो पहिले त्याले सजवनार, पावडर लावनार, अन् मंग मले दाखवनार. नवरीबी एवढा वेळ लावत नाही. गेमचं सेटिंग होतं, ते लावलं, अन् बटनाचं दुखनं गेलं. आता राहिली फक्त रेषेवरची थांबी; वायर टाकली तेव्हा एकदा पार गेली तेवढीच, मंग पुन्हा तिथंच. तिचं माह्याकडून काहीच झालं नाही. तेही मी त्या साहेबाले लिहिलं, वायर टाकली, टीव्हीचं सेटिंग बदललं, बाकी सारं पळते, फक्त रेषेवर अटकते, तुम्ही आपली रेषा पाहा.

अन् बीटाच्या शेवटच्या हप्त्यात कंपनीची सूचना आली. मोठ्या अक्षरात. 'मध्यरेषा ओलांडताना काही खेळाडूंना येणारा अडथळा आम्ही दूर केला आहे. मजा करा.' मजा करा म्हने. मी इकडं राउटर उपटून बसली, कन्सोल पापडासारखा वाळवला, सासूबाईचा टॉवेल उतरवला, अन् बिघाड कंपनीच्याच घरी. कोनी म्हनलं का, बाई, तुमचं नेट चांगलं होतं, आमचंच चुकलं? मी ती सूचना ग्रुपवर टाकली, तं रीनानं खाली अंगठा ठेवला, फक्त अंगठा.

झाला सामना. रविवारचा दुपारचा, बीटाचा शेवटचा दिवस. हे सुट्टीवर, सासूबाई पदर खोचून समोर. अन् तुम्हाले सांगते, गेम पान्यासारखा चालला. पोरगी रेषा ओलांडून गेली ते थेट मागच्या कोपऱ्यात, डावीकडं झुकली, उजवीकडं पाय टाकला, दोघी बाद करून घरी. सासूबाई म्हने, "पोट बरं झालं वाटते तिचं." शाळेच्या मैदानातली माती आठवली मले, तोंडात गेलेली. बराच वेळ मी पुढं होती. मंग रीनाची एक पोरगी कोपऱ्यात दबा धरून बसाले लागली. मी गेली, हात लावला, पलटली, अन् तिनं माहा पाय धरला. पुन्हा गेली, पुन्हा धरला. पुन्हा गेली... कुठं अटकलं नाही, कुठं थांबलं नाही, चित्र आरशासारखं साफ, अन् माही पोरगी परत येताना रेषेच्या बोटभर अलीकडं पडलेली. सामना रीनाचा.

हे हळूच म्हनले, "नेट अटकलं का जरा?" तयारच बसले होते, माह्यासाठी बहाना घेऊन. मनात आलं हो म्हनावं. पन म्हटलं, "नाही. पकडलं तिनं मले. चांगलं पकडलं." अन् तुम्हाले काय सांगू, बरं वाटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा उभी राहून नाही, खेळून हरली.

हेडफोन कानालेच होता. म्हटलं, रीना आता काही चांगलं बोलन, आपनबी चांगलं बोलू, नागपूरले ये म्हनन, आपन वरठीले ये म्हनू. तं ती एक मोठा श्वास सोडते अन् म्हनते, "भावना, मजा नाही आली वं. माह्याकडं आज सारं अटकून राहिलं होतं. नाही तं अजून मोठ्या फरकानं हरली असती तू."

असन, म्हटलं. बीटा त्याच दिवशी बंद झाला. आता गेम पक्का होऊन बाजारात येईस्तोवर मी हरलेलीच... अन् तेही अटकत-अटकत खेळनाऱ्या बाईकडून.