स्टेपनीखालची खडखड

हसू नका, पण बोईसरच्या त्या गॅरेजसमोरून मी अजून मान खाली घालून जातो.

गाडी मागून खडखड वाजायची. गॅरेजवाल्याने शॉकॲब्सॉर्बर गेलेत म्हणून नवे बसवले, तरी खडखड तशीच. मग दांडी गावाहून बाबांना सोबत घेऊन भांडायलाच गेलो. बाबा अजून मासेमारीला होडीवर जातात, आवाज दणदणीत.

"चुकीचं निदान करून चांगला पार्ट बदललात! ग्राहक मंचात खेचीन," मी गिऱ्हाइकांसमोर ओरडलो.

बाबा माझ्या वरताण. "आमी दांडीची मानसं, गप बसनार नाय!"

गॅरेजवाल्याने डिकी उघडली, स्टेपनी उचलली आणि खालून एक जड, खडखडणारी पिशवी काढली. "ये आपका है क्या?"

बाबांचा चेहरा उजळला. "आरं, पालघरवरनं आनलेलं माझ्या जाळ्याचं शिसं! मी घरभर शोधतोय!"

सगळे हसले. डिकी न तपासता चांगले शॉकॲब्सॉर्बर बदलले ही चूक त्याचीच, भरपाई मागायचा हक्कही माझाच. पण भरपाईऐवजी मी किल्ली मागितली. गाडी काढून निघालो.

परतताना जरासुद्धा आवाज नव्हता. पिशवी मांडीवर घेऊन बसलेले बाबा म्हणाले, "बघ, दम दिला म्हनून कशी नीट करून दिली!"