रंगराव गुरवांचा हेडफोन

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. आपलं लेकरू जीव तोडून काही सांगतं आणि आपल्या कानाला ते पोकळ लागतं – तर खोट कुणात? लेकरात, की कानात? थांबा, थांबा! पुढं बसलेले काका उत्तर देऊन मोकळेसुद्धा झाले! आधी रंगराव गुरवांची गोष्ट ऐका, मग बोला.

विट्याजवळच्या एका गावात हे रंगराव. देवळाची पूजा घराण्याकडं आणि पखवाजही घराण्याकडं. चाळीस वर्षं कीर्तनाला साथ! डाव्या हाताची थाप पडली की समईची ज्योत हलायची म्हणतात. मी पाहिली नाही, पण सांगणारे लोक खोटं बोलणारे नव्हते. अपत्य एकच, लेक – वैजयंता. गाव म्हणालं, "पोरीला कशाला पखवाज?" रंगराव म्हणाले, "पखवाजाला इचारून आलाय व्हय?" आणि बसवली की समोर मांडी घालून!

पोरगी शिकली. कृषी खात्यात लागली, पार यवतमाळला गेली. जाताना कपड्यांची एक पेटी कमी नेली, पण पखवाज नेला! दर रविवारी वाजवायची, फोनवर घ्यायची आणि बापाला पाठवायची. बाप फोन कानाशी धरून ऐकायचा. आणि म्हणायचा काय?

"डावा हात मेलाय तुझा, वैजू! कणीक वाढव!"

तरुण मंडळींना सांगतो. पखवाजाच्या डाव्या पुडीवर, म्हणजे डावीकडच्या चामड्यावर, भिजवलेली कणीक थापतात. तिच्यानं आवाज खोल जातो, घुमतो. हसताय काय? आमच्या साथीला बसलेल्या ह्या मृदंगमणींच्या पिशवीत आत्ता डबा आहे – आणि चपात्या नाहीत त्यात! पण कणीक बेतानं हवी. जास्त झाली की पुडी गुदमरते, आवाज घशातच राहतो.

पोरीनं कणीक वाढवली. उत्तर आलं, "अजून मेलेलाच हाय!" आणखी वाढवली. बापाचा शब्द ना! असे सहा महिने. रामनवमी आली. तिथल्या देवळात जन्माच्या कीर्तनाला ती पहिल्यांदा एकटी साथीला बसणार होती. चार दिवस उरले, आणि संध्याकाळी तिचा फोन आला.

"बाबा, उद्या मी बुवांना नाही म्हणून सांगते. दुसरं कुणीतरी बघतील ते. पखवाज गावाकडं पाठवून देते. माझ्याच्यानं नाही होत."

बाप "बघ बाई तुझं," एवढंच बोलला. फोन ठेवला आणि रडला. हो, रडला! चाळीस वर्षं पखवाज बडवणारा माणूस – पदर नाही, म्हणून उपरण्यात तोंड घालून रडला.

सकाळी आरतीला बसला, तो सगळा राग पखवाजावर! देऊळ दणाणलं नुसतं. आरती झाली. शेजारच्या हौसाबाईंनी ती फोनवर घेतली होती, पुण्याच्या सुनेला पाठवायला. खांबाआड उभ्या राहून लावून बघत होत्या. रंगरावांची तिकडं पाठ. ऐकलं मात्र, आणि कडाडले –

"कोन हाय गं ह्यो? डावा हात मेलाय ह्येचा!"

"अवो भावजी, तुमीच की! आत्ताची आरती ही!"

हसा, मंडळी, हसा! रंगराव हसले नाहीत. होते तिथंच खाली बसले. माझा हात, चाळीस वर्षांचा, आणि ह्या बोटभर फोननं गिळला? मग वैजूचा हात सहा महिने कुणी गिळला?

पण माणूस कसा – तिथंच ठरवलं! लेकीला फोन लावला. "आज सांजच्यापत्तुर बुवांना काय सांगू नगंस."

"का, बाबा?"

"मी सांगतो म्हनून!"

पखवाज खांद्याला, कणकेचा डबा पिशवीत, आणि एस्टीनं थेट विट्याला! बाजारात शबाना तांबोळी नावाच्या मुलीचं मोबाइलचं दुकान. तिच्यापुढं उभे राहिले.

"पोरी, कानाला लावायचं यंत्र दे. बिनतारी. मांडीवर पखवाज असतोय, तार हातात येती. आन् डावा हात ऐकू आला पायजे!"

शबाना हुशार. "म्हणजे बेस पाहिजे, मामा. हा घ्या! ह्याच्याइतका तगडा बेस आख्ख्या बाजारात नाही."

तुम्ही-आम्ही काय केलं असतं? डबीवरचं चित्र पाहून घरी आलो असतो! रंगरावांनी दुकानातच बैठक मारली. कणीक थापली, मापात. "घे तुझ्या फोनवर!" वाजवलं. मग निम्मी कणीक खरवडली, पुडी मुद्दाम बिघडवली. "आता ह्येबी घे!" पुन्हा वाजवलं. बाहेर गर्दी जमली, भाजीवाली पाटी उतरवून उभी राहिली. आणि मग तो तगडा हेडफोन कानाला लावला.

चांगलं वाजवलेलं लावलं – धूम! काळीज हललं. बिघडवलेलं लावलं – तरी धूम! तेवढंच!

"काढ ह्यो," रंगराव म्हणाले. "ह्यो तोंडपुजा हाय. कुनालाबी वा वा म्हनतोय."

दुसरा दिला. त्याला डावा हात ऐकूच येईना. "ह्यो बहिरा." तिसरा, चौथा... शबाना घामाघूम! "मामा, लोक गाण्याला घेतात हो, परीक्षेला नाही!" मामा हलेनात. आणि पाचवा लावला. चांगल्या थापेला आवाज खोल उतरला, पार बेंबीपर्यंत. आणि बिघडवलेलं लावल्यावर त्यानं साफ सांगितलं, कणीक कमी आहे!

"ह्योच!"

"पण मामा, ह्याच्यात रंग एकच आहे."

"डोळ्याला लावायचाय व्हय?"

दुकानाच्या पायरीवरच बसले. वैजूनं पाठवलेलं सगळं पहिल्यापासून लावलं. पहिला रविवार. आणि मंडळी, डावा हात बोलत होता! भरदार, मोकळा, बापापेक्षा गोड! पुढचा रविवार, त्याच्या पुढचा... हळूहळू पुडी जड होत गेली, गुदमरत गेली. प्रत्येक आठवड्याला कणीक वाढलेली त्यांना कळत होती. लेक बुडत होती आणि बाप वरून पाणी ओतत होता! तिथूनच लेकीला फोन लावला.

"वैजू, सगळी कणीक खरवड. पहिल्या महिन्यात लावायचीस तेवढीच लाव."

"पण तुम्हीच तर म्हणाला होता..."

"चुकलं माजं. तुजा हात जित्ता होता, पोरी. माजा कान मेला होता."

पलीकडं नाक ओढल्याचा आवाज. हा हेडफोन तेही ऐकवत होता! "लावते, बाबा. वाजवून पाठवते, मग सांगा बरोबर आहे का."

"न्हाई! मला आता इचारायचं न्हाई. नवमीला बस!"

ती बसली! भर दुपारी, जन्माच्या वेळेला. तिथल्या कुणीतरी फोन धरला होता. इकडं आपल्या देवळात रंगराव देवापुढं हेडफोन लावून! पोरंटोरं खिदळत होती. तिकडं पहिली थाप पडली. रंगरावांनी डोळे मिटले आणि एवढंच म्हणाले, "व्हय."

आता तुमच्याकडं येतो. काका, मघाशी फार घाईनं बोललात! घरात सून बोलते, मुलगा बोलतो, म्हातारी आई बोलते. तुम्ही कशातून ऐकता? ह्याच्या-त्याच्या सांगण्यातून? जुन्या रागातून? आणि वर निकाल देता – ह्याचा हात मेलाय! त्या बापानं पाच हेडफोन पारखले. तुम्ही स्वतःचा कान एकदा तरी पारखलात का?

मृदंगमणी, एक थाप द्या. कुणी वा वा म्हणायचं नाही, नुसतं ऐकायचं. आणि जाताना ज्याला मेलेला म्हणालात, त्याला फोन लावायचा. आधी "चुकलं माझं," मग प्रसाद! दाराशी मी स्वतः उभा आहे.