निंबाच्या गाठीतला खिळा

तानाबाई : आणि ही कड? ही काय उंदरानं कुरतडली?

शाइस्ता : कुरतडली नाई बाई, ठेवली. झाडाची साल आहे ती. गाठीवर जशी होती तशीच.

तानाबाई : वहाब, निंबाची गाठ तुला दिली होती वाडगा करायला. माझी नात समता उद्या पुण्याला नव्या घरी चालली. ज्या झाडाखाली ती बाराखडी शिकली, त्याचं काहीतरी तिच्यापाशी असावं म्हणून. वाडगा म्हणजे गोल. चौथीत शिकवलं होतं मी तुला, गोल म्हणजे काय.

वहाब : याद आहे ना बाई. चाळीस वर्षं झाले, पलंगाचे पाय, लाटणे, पाळण्याचे खांब, सारं ह्या खरादावर लाकूड फिरवून गोलच काढून राह्यलो. पन हा वाडगा मी नाई केला. ह्या माह्या पोट्टीनं केला.

तानाबाई : म्हणजे माझ्या झाडावर शाइस्तानं हात साफ केला?

वहाब : आता खरं सांगतो. आमच्या दोघायत शर्त लागली. तुम्ही ‘कड छाट’ म्हनल्या, तर ही सोमवारपासून मामूच्या मोबाईलच्या दुकानात बसीन. आन वाडगा असाच घेऊन गेल्या, तर खराद हिच्या हातात.

तानाबाई : आणि मला न विचारता मला पंच केलं?

वहाब : तुमच्यासारखं खोट काढनारं ह्या उंद्री गावात दुसरं कोन आहे? माह्यं लाटनं तुम्ही तीनदा वापस केलं.

तानाबाई : डगमगत होतं.

वहाब : लाटनं कुठं डगमगते काय, बाई?

तानाबाई : तुझं डगमगत होतं. निकाल सोपा आहे. छाट.

शाइस्ता : छाटता येईल ना. पण छाटूनही तो काळा डाग राहीलच.

तानाबाई : कशाचा डाग?

शाइस्ता : हा पाहा, बुडाजवळ. निंबाच्या लाकडात लोखंड मुरलं की असा पडते. आतून खिळा निघाला. हा घ्या.

वहाब : माह्या चांगल्या पटाशीची धार उडाली त्याच्यापायी! मी विचारलं होतं तुमाले, गाठीत खिळा, तार, काही आहे काय? तर तुम्ही म्हनल्या, माझ्या अंगणातल्या झाडाला खिळा ठोकायची कोणाची छाती आहे?

तानाबाई : आमच्या यांनी ठोकला असेल. आरसा टांगायला. दाढी तिथंच करायचे ते.

शाइस्ता : त्यायलेच विचारलं मी, इंद्रभान आजोबाले. ते म्हणाले, ‘मी नाई ठोकला. तुह्या बाईले विचार, नाईतर तिच्या दाढेले विचार.’ आणि असे हसले, असे हसले, खोकलाच लागला त्यायले.

वहाब : दाढेले काऊन?

शाइस्ता : अब्बा, लोक नाई का म्हणत, दाढ ठणकली की निंबाले खिळा ठोकायचा. दुखणं झाडात जाते.

वहाब : तौबा! बाई, तुम्ही?

तानाबाई : दात काढू नको.

वहाब : दादीनं तापासाठी माह्या मनगटाले काळा धागा बांधला होता. तुम्ही कैचीनं कापला आन माह्याकडून शंभर वेळा लिहून घेतलं, ‘ताप औषधाने जातो.’ शंभर वेळा! ताप गेला पन बोटं सुजले!

तानाबाई : गेला ना पण औषधानं?

शाइस्ता : बाई, एक समजौता करू. खिळा माह्या मुठीत. अब्बाचं तोंड मी सांभाळते. तुम्ही कड तेवढी राहू द्या.

तानाबाई : पाहा, पाहा! एवढीशी पोरगी मला लाच देते! ठेव तो खिळा तिथं, सगळ्यांना दिसेल असा. गावाला काय सांगायचं ते मीच सांगते. पावसाळा होता. चिखलीच्या दवाखान्याचा रस्ता बंद. तीन दिवस तोंडात घास नाही. आणि शाळेत अंधश्रद्धेवर भाषण माझंच. पहाटे उठून ठोकला खिळा. दाढेपेक्षा लाज जास्त ठणकत होती.

शाइस्ता : मग, थांबली दाढ?

तानाबाई : कशाची थांबते! रस्ता मोकळा झाला, चिखलीला जाऊन उपटून आले. भाषणही केलं, सुजल्या गालानं. खिळ्याचं तेवढं बोलले नाही. ते चुकलंच माझं.

वहाब : बाई, मी गंमत केली हो.

तानाबाई : कर की गंमत. पण निकाल बदलत नाही. भीती घालून पास व्हायचं माझ्या वर्गात कधी चाललं नाही. छाट ती कड.

शाइस्ता : मी नाई छाटत.

वहाब : शाइस्ता, शर्त लागली आहे!

शाइस्ता : हरली मी शर्त. बसते सोमवारी दुकानात, लोकायच्या मोबाईलले काच चिटकवते. पण आठ दिवस मी ही साल जपली. भेगाभेगांत थेंब थेंब गोंद पाजला, तेव्हा एक टवका उडू दिला नाई. माह्या हातानं नाई होणार ते. तुम्ही छाटा, अब्बा.

वहाब : दे इकडं. अर्ध्या मिनिटाचं तर काम.

(वहाब वाडगा खरादावर चढवतो. मोटर सुरू होते. थोड्या वेळानं बंद होते.)

तानाबाई : काऊन थांबला?

वहाब : कड दिसत नाई.

तानाबाई : चष्मा लाव.

वहाब : लावलाच आहे, बाई. ही कड वरखाली आहे ना, फिरली की नुसती सावली. पटाशीले लाकूड लागते, मंग हवा, मंग पुन्हा लाकूड. गोल कामात पटाशी टेकवली की झालं. इथं टेकवली की गेलं.

तानाबाई : हळू छाट मग.

वहाब : हळूनंबी नाई. तुम्ही बोट लावून पाहा. पापडाइतकं पातळ काढलं हिनं, आन साऱ्या बाजूनं सारखं. मी हात लावला तर वाडगाच फुटून जाईन.

तानाबाई : दे, पाहू दे. हं. आतून तर गुळगुळीत आहे. आणि ही साल… इथं म्हैस अंग घासायची. रोज सांजेला मी इथंच हात टेकून उभी राहत होते, वहाब. पाइपलाइनसाठी झाड पाडलं, तेव्हा नाही रडले. आता काऊन डोळे भरून येऊन राह्यले माझे?

वहाब : बाई, पानी देऊ?

तानाबाई : नको. विचारते त्याचं सरळ उत्तर दे. हे काम तुला जमते?

वहाब : नाई.

तानाबाई : मोठ्यानं सांग.

वहाब : नाई जमत, बाई.

तानाबाई : मग कोणाला जमते?

वहाब : हिले.

तानाबाई : मग वाडगा असाच नेते मी. तू सरक ना बाजूला. पोरीला उभं राहायला जागा दे.