आप्पांचा धागा

ताई ची हा चिनी व्यायाम सुरू करतोयस, तर श्वासाचं तेवढं सांभाळ रं. आमच्या वडगावच्या आप्पांनी जन्मभर मागावर साड्या विणल्या. बीपी वाढलं तसं डॉक्टर म्हणाले, गोळी सोडू नका, सोबत हा सावकाश हात फिरवायचा व्यायाम करा. टिळकवाडीतल्या वर्गाला मीच त्यांना घेऊन गेलतो. हात पुढं नेता नेता आप्पा गरगरून मटकन खाली बसले.

शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आप्पा, श्वास रोखलात. बीपी असताना ते चालत नाही."

"तुटलेला धागा जोडताना रोखायलाच लागतोय. न्हायतर धागा हलतोय."

"इथं धागा कुठाय?"

"ते हाताला काय म्हाईत, बाई?"

"मग हाताला बोलून सांगा. बोलताना श्वास रोखता येत नाही."

आता आप्पा हात फिरवत पुटपुटतात, "धागा तुटला न्हाय रं, सावकाश चल." आणि मागं उभे असलेले आम्ही सगळे श्वास सोडतो.